चित्रातले जहाज पाण्यात उतरताना

२१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर भारतीय नौदलात एक जहाज दाखल झाले. त्याला इंजिन नव्हते. सुकाणूऐवजी मागच्या टोकाला लांब सुकाणू-वल्ही होती, शिडे चौकोनी होती आणि लाकडी फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवलेल्या होत्या. जहाजाचे नाव ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. त्याच नौदलात २ सप्टेंबर २०२२ रोजी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दाखल झाली होती, आणि तिला लागलेले सुमारे तीस हजार टन विशेष पोलाद ‘सेल’च्या बोकारो, राउरकेला आणि भिलाई येथील कारखान्यांनी पुरवले होते. दुर्ग, भिलाई, रसमडा या पट्ट्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला जहाज म्हटले की जाड पत्रा, वेल्डिंग आणि भट्टी हेच डोळ्यांसमोर येणे साहजिक आहे. खिळ्यावाचून जहाज ही कल्पना त्याला काहीशी थट्टेची वाटेल. प्रत्यक्षात पश्चिम हिंदी महासागरातला व्यापार कित्येक शतके अशाच शिवलेल्या जहाजांनी वाहिला आहे.

‘कौंडिण्य’ बांधताना पहिला प्रश्न लाकडाचा किंवा दोरीचा नव्हता. आराखडा कुठून आणायचा, हा होता. पाचव्या शतकातल्या भारतीय जहाजाचा एकही नकाशा उरलेला नाही. किंबहुना तसे नकाशे कधी काढले जात होते असे मानायलाही आधार नाही. उरले आहे ते चित्र. तेही समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, वाघूर नदीच्या वळणावरच्या अजिंठ्याच्या लेण्यात.

लहान प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येक माणसाला हाच प्रश्न पडतो. टेबलावर ठेवायचे दीड फुटी गलबत असो वा समुद्रात न्यायचे वीस मीटरचे जहाज असो, डोलकाठी नेमकी कुठे उभी करायची, दोर कुठून कुठे न्यायचा, शिडाची उंची रुंदीच्या किती पट ठेवायची, हे कुणीतरी ठरवावे लागते. पुरावा असेल तर पुराव्याने आणि नसेल तर अंदाजाने. प्रतिकृती पाहणाऱ्याला मात्र पुरावा आणि अंदाज सारखेच लाकडी दिसतात. या कामातली खरी अडचण हीच आहे.

जहाजाचे ते प्रसिद्ध चित्र अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. अजिंठ्याचा दुसरा मोठा कालखंड वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळाशी, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडला जातो. चित्रातली कथा पूर्णाची आहे. ‘दिव्यावदान’ या बौद्ध संस्कृत ग्रंथात ती येते. पूर्ण हा शूर्पारकाचा व्यापारी, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. पुढे तो भिक्षू होतो. त्याचा थोरला भाऊ चंदनाच्या शोधात व्यापाऱ्यांसह समुद्रपार जातो. चंदनवनाचा रखवालदार यक्ष वादळ उठवतो. संकटात सापडलेला भाऊ पूर्णाचा धावा करतो आणि पूर्ण प्रकट होऊन जहाज वाचवतो. आणलेल्या चंदनातून शूर्पारकात बुद्धासाठी प्रासाद उभारला जातो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला तेव्हा या कथेतले गाव पुराणातून उठून जमिनीवर आले. तात्पर्य, जहाजाचे हे चित्र ज्या बंदराशी बांधलेले आहे ते महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावरचे आहे.

चित्रात काय दिसते? उंच उचललेली नाळ, तशीच उंच पाठ, नाळेवर काढलेला डोळा, तीन डोलकाठ्या आणि त्यांवर रुंदीपेक्षा उंचीच अधिक असलेली शिडे, पुढे कललेल्या काठीवर एक लहान शीड, मागे सुकाणू-वल्हे आणि जहाजावर मांडलेली रांजणांची रांग. एवढा तपशील पाचव्या शतकातल्या जगातल्या फार थोड्या चित्रांत मिळतो. म्हणून ते अनमोल. पण चित्रकाराने हा तपशील कुठून मिळवला, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो. सोपाऱ्यापासून अजिंठा सरळ रेषेत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे. चित्रकाराने बंदर स्वतः पाहिले होते, की घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांकडून वर्णन ऐकले होते, की आधीच्या एखाद्या चित्राची नक्कल केली होती? चित्राच्या आतल्या खुणा यावर थोडेफार बोलतात. सुकाणू-वल्ह्याची जागा, पुढे झुकलेली लहान काठी, तिच्यावरचे वेगळे शीड हे तपशील कल्पनेने सुचण्यासारखे नाहीत. जहाजाची कामे ज्याने पाहिली त्यालाच ते सुचतात, निदान त्याच्याकडून ऐकलेल्याला.

उलट, मापांच्या बाबतीत चित्रकारावर भिस्त ठेवता येत नाही. भारतीय भित्तिचित्रांत माणसाचा आकार त्याच्या महत्त्वाप्रमाणे ठरतो. जहाजातली माणसे मोजपट्टी मानली तर समुद्र ओलांडणारे ते जहाज नदीतल्या होडीएवढे भरेल. लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली यांतले काहीही चित्रावरून थेट मोजता येत नाही. आणि पाण्याखालचा भाग तर चित्रात मुळातच नाही. जहाज तरंगेल की उलटेल हे ठरवणारा भाग तोच.

आणखी एक पेच आहे. आज लेण्यात जाऊन पाहणाऱ्याला मूळ रंग विटलेले आणि खपल्या निघालेले दिसतात. पुस्तकांत जे ‘अजिंठ्याचे जहाज’ वारंवार छापले जाते, ते बहुधा जॉन ग्रिफिथ्स यांच्या नकलांवरून आलेले असते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्षानुवर्षे नकला केल्या. त्यांआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत जळाल्या. नंतर त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि त्यातून ही रेखाटने १९१२ मध्ये राधाकुमुद मुखर्जी यांच्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात व पुढे शेकडो पाठ्यपुस्तकांत पोहोचली. म्हणजे भिंत, नक्कल, छपाई आणि पुन्हा नक्कल असा हा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर एखादी अस्पष्ट रेघ कुणीतरी ठसठशीत केली असणार. प्रतिकृती करणाऱ्याने पुस्तकातल्या रेघेवरून दोर ओवण्याआधी तीच रेघ भिंतीवर आहे का, हे पाहिलेच पाहिजे.

चित्र एकटे पुरत नाही म्हटल्यावर आजूबाजूचे साक्षीदार गोळा करावे लागतात. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. पूर्व किनाऱ्यावर सापडलेली ही नाणी बोटाच्या पेराएवढी, पण त्यांवर डोलकाठीला ताणून धरणारे दोरही कोरलेले दिसतात. बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या वीरगळांवर आरमारी लढाई आहे. त्या दगडांतल्या नौकांना अणकुचीदार नाळ, एक डोलकाठी आणि ओळीने वल्ही आहेत. मात्र एकसरचे वीरगळ अजिंठ्यानंतर निदान पाच-सहाशे वर्षांचे आहेत आणि त्या नौका युद्धाच्या आहेत. मालवाहू जहाजाच्या प्रतिकृतीला त्यांची नाळ बसवणे म्हणजे बैलगाडीला रथाचे चाक लावण्यासारखे होईल. जाव्हातल्या बोरोबुदूरच्या आठव्या शतकातल्या शिल्पांतही सुंदर जहाजे आहेत. तीही अनेक ठिकाणी बेधडक ‘प्राचीन भारतीय जहाज’ म्हणून छापली जातात. त्या जहाजांना बाजूंना तोल सांभाळणाऱ्या उलांड्या आहेत, आणि ती परंपरा आग्नेय आशियाची आहे.

शिवण तर अजिंठ्याच्या चित्रात दिसतच नाही. ती आली ग्रंथांतून आणि किनाऱ्यावरच्या जिवंत परंपरेतून. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात अरबस्तानाच्या बाजूच्या शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. अकराव्या शतकातल्या भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’त समुद्रगामी जहाजात लोखंडाचा बंध वापरू नये असे सांगितले आहे, कारण दिले आहे ते समुद्रातल्या चुंबक-पाषाणाचे. कारण चुकीचे, पण निरीक्षण नोंदण्याजोगे: लोखंड टाळण्याची रूढी त्या काळी इतकी पक्की होती की तिच्यासाठी कारण शोधावे लागले. चौदाव्या शतकात इब्न बतूताने खरे कारण लिहून ठेवले. खिळ्यांचे जहाज खडकावर आदळले तर फुटते, दोरीने शिवलेले लवते. मार्को पोलोला मात्र होर्मुझची शिवलेली जहाजे मुळीच भरवशाची वाटली नव्हती. दोघेही प्रवासी, एकाने लवचिकता पाहिली, दुसऱ्याने गळती.

पुरातत्त्वाचा पुरावा विखुरलेला आहे, पण बोलका आहे. तांबड्या समुद्राच्या इजिप्शियन किनाऱ्यावर बेरेनिके आणि मायोस हॉर्मोस या रोमन काळातल्या बंदरांच्या उत्खननांत भारतीय सुती कापडाच्या शिडांचे तुकडे मिळाले आहेत, आणि जहाजांतून काढून पुन्हा वापरलेले सागवानही मिळाले आहे. अरबस्तान आणि इजिप्तमध्ये साग उगवत नाही. केरळमध्ये चेर्थलाजवळ भातशेतीखाली एक मोठी मध्ययुगीन नौका सापडली. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये नवव्या शतकातले एक जहाज मिळाले. आत चिनी मातीची हजारो भांडी, आणि सांगाडा दोरीने शिवलेला. शिवण म्हणजे किनाऱ्याजवळच्या होडीपुरती गोष्ट नव्हे, ती चीनपर्यंत जाऊन आली आहे, याचा हा ठोस पुरावा.

आणि जिवंत परंपरा तर गोव्याच्या वाळूवरच होती. रापणीच्या मासेमारीसाठी गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावर काथ्याने शिवलेल्या होड्या वापरात असत. फायबर आणि इंजिन आल्यावर त्या मागे पडल्या. गोव्यातल्या संशोधकांनी त्यांच्या नोंदी केल्या आहेत, पण नोंद म्हणजे हात नव्हे. शिवणीची दोरी किती ओढायची, काथ्याचा पेंढा फटीवर किती दाबायचा, भोक फळीच्या काठापासून किती आत घ्यायचे हे ज्ञान करणाऱ्याच्या मनगटात असते.

म्हणून ‘कौंडिण्य’ बांधायला केरळमधून कारागीर आणावे लागले. जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. खर्च मंत्रालयाचा, देखरेख व तांत्रिक पडताळणी नौदलाची, बांधणी गोव्यातल्या गोदीची. कल्पना मांडून ती पुढे रेटण्यात अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल यांचा वाटा मोठा होता. १२ सप्टेंबर २०२३ रोजी जहाजाचा कणा मांडला गेला. शिवणकामाचे नेतृत्व बाबू शंकरन या मुख्य कारागिराकडे होते. ओमानमधल्या शिवलेल्या जहाजांच्या कामात अशाच केरळी हातांचा उपयोग पूर्वी झाला होता. टिम सेव्हरिन यांचे ‘सोहार’ १९८०–८१ मध्ये ओमानहून चीनला गेले, त्याचे लाकूड मलबारचे होते. बेलितुंगच्या अवशेषांवरून बांधलेले ‘ज्युवेल ऑफ मस्कत’ २०१० मध्ये सिंगापूरला पोहोचले. विसाव्या शतकाच्या अखेरीस कारागिरीची ही धुगधुगी आखाती देशांच्या प्रकल्पांमुळे टिकून राहिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या किनाऱ्यावरची कला दुसऱ्याच्या अंगणात जपली गेली, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

शिवलेल्या जहाजाची बांधणी पोलादी जहाजाच्या उलट क्रमाने होते. आज आधी सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर पत्रा चढवतात. इथे आधी कवच, नंतर बरगड्या. कण्याला पहिली फळी, तिला दुसरी, अशा फळ्या काठाला काठ लावून शिवत वर नेतात. फळीच्या काठाशी ठराविक अंतरावर भोके पाडतात. सांध्यावर आतून नारळाच्या तंतूंची गादी ठेवतात आणि तिच्यावरून काथ्याची दोरी एका भोकातून दुसऱ्यात आवळत नेतात. फळ्यांना वाक देण्यासाठी वाफ लागते. मग राळ आणि तेलाचे लेप. कवच तयार झाल्यावर आतून बरगड्या बांधतात. याचा परिणाम महत्त्वाचा आहे. जहाजाचा आकार सांगाडा ठरवत नाही. प्रत्येक फळीचा वाक ठरवतो. म्हणजे आकार डोळ्याने आणि हाताने ठरतो. कागदावर काढलेल्या वक्ररेषा कारागिराने मान्य केल्याखेरीज लाकडात उतरत नाहीत.

काथ्याच का? नारळाच्या तंतूत लिग्निनचे प्रमाण इतर बहुतेक वनस्पतिज तंतूंच्या तुलनेत बरेच अधिक असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात तो सहज कुजत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगते, सांधा दाबला जातो, शिवण ताठ होते. ताग किंवा सुताची दोरी असती तर एवढा टिकाव लागला नसता.

येथवर इतिहास आणि कारागिरी. पण नौदल खलाशांना घेऊन खोल समुद्रात जाणार असेल, तर ‘चित्रात असे दिसते’ एवढे उत्तर पुरेसे नाही. म्हणून जहाजाची लहान प्रतिकृती करून आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागात तिच्या जलगतिकीय चाचण्या घेण्यात आल्या. इथे प्रतिकृती ही शोभेची वस्तू उरत नाही, मोजमापाचे साधन होते.

लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचे वर्तन सांगता येते हे इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात टॉर्कीच्या टाकीतल्या प्रयोगांनी दाखवून दिले. जहाज पुढे जाताना लाटा उठवते आणि त्या उठवण्यात शक्ती खर्च होते. या लाटांचा आकृतिबंध दोन्ही मापांत सारखा राहायचा असेल तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलावा लागतो. समजा वीस मीटरच्या जहाजाची एकास दहा अशी दोन मीटरची प्रतिकृती केली. जहाज पाच नॉटने जाणार असेल तर प्रतिकृती टाकीत पाच भागिले ३.१६, म्हणजे साधारण १.६ नॉटने ओढायची. वजन मात्र घनाच्या प्रमाणात उतरते: खऱ्या जहाजाचे वजन पन्नास टन धरले तर प्रतिकृती पन्नास किलोची. हे साधे गणित न केल्यामुळे हौशी प्रतिकृती पाण्यात सोडताच कलंडतात. आकार बरोबर असतो; वजन आणि त्याची जागा चुकलेली असते.

तरीही टाकी सगळे सांगत नाही. पाण्याचा चिकटपणा मापानुसार कमी होत नाही, म्हणून घर्षणाचा हिशेब वेगळा करून जोडावा लागतो. शिवलेल्या जहाजात दुसरीही गोम आहे. लाटेच्या शिखरावर जहाजाचा मधला भाग उचलला जातो आणि टोके लोंबतात. लाटांच्या मधे त्याच्या उलट होते. खिळ्यांचे जहाज याला ताठरपणे सामोरे जाते. शिवलेले जहाज वाकते, करकरते, पुन्हा सरळ होते. टाकीतल्या सामान्य प्रतिकृतीचे अंग मात्र ताठ असते. ती जहाज किती डुलेल, किती कलेल हे सांगेल; हजारो टाके लाटेगणिक किती ताणले जातील हे ती सांगणार नाही. त्यासाठी समुद्रच हवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात ते पाण्यात उतरले, मे महिन्यात कारवारला नौदलात आले. त्याच्या सजावटीविषयी मात्र परखडपणे बोलले पाहिजे. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य आहेत, नाळेवर सिंहयाळी कोरली आहे, आणि हडप्पा शैलीतला दगडी नांगर प्रतीक म्हणून ठेवला आहे. नाव आहे आग्नेय आशियाच्या आख्यायिकेतल्या कौंडिण्याचे. नांगराची प्रेरणा चार हजार वर्षांपूर्वीची, अंग पाचव्या शतकाचे, आणि सगळे एका जहाजावर. राष्ट्रीय प्रतीक म्हणून त्याला हरकत नाही. नौदलानेही नांगर प्रतीकात्मक असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. पण उद्या एखादा विद्यार्थी या जहाजाची प्रतिकृती करून तिच्याखाली ‘पाचव्या शतकातले भारतीय जहाज’ अशी पाटी लावेल, तेव्हा त्या पाटीतले सत्य अंशाचेच असेल. कवच आणि शिवण हा तर्कशुद्ध अंदाज, नाळेचा उंच उठाव चित्रातला, नांगर निव्वळ प्रतीक. असे तीन थर वेगळे दाखवणारी प्रतिकृती कमी देखणी दिसेल, पण शिकवेल जास्त. काही संग्रहालयांत झिजलेल्या मूर्तीचा नव्याने भरलेला भाग मुद्दाम वेगळ्या छटेचा ठेवतात. जहाजांच्या बाबतीत ही रीत अजून रुळलेली नाही.

मराठी आरमाराच्या प्रतिकृतींत हा घोटाळा आणखी दिसतो. भित्तिपत्रकांवर शिवकालीन जहाज म्हणून पुष्कळदा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले युरोपीय फ्रिगेट छापलेले असते. फक्त झेंडा भगवा. वास्तविक गुराब आणि गलबत यांचे वर्णन उपलब्ध आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की गुराबांना बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. दोन काठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची सुमारे तीनशे टनांची. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यात बुडण कमी, आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी बाहेर आलेली नाळ. गलबते लहान, सत्तर टनांच्या आतबाहेर, वल्ह्यांनीही चालणारी. उथळ खाड्यांत शिरून लढायचे तर असेच जहाज हवे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. लाकूड कुठून घ्यावे, रयतेची आंबा-फणसाची झाडे का तोडू नयेत, हे त्यात सांगितले आहे. त्यावरून प्रतिकृती करणाऱ्याला कुठले लाकूड खरे आणि कुठले लाकूड रयतेच्या शापाचे, एवढे तरी समजते. मापे नाहीत, पण मर्यादा कळतात.

नकाशा हाताशी असला म्हणजे काम सोपे, असेही नाही. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश फ्रिगेट सागवानात बांधले गेले. तिचे आराखडे ज्या जहाजातून धाडले ते ‘जावा’ १८१२ च्या अखेरीस अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झाले, आणि नकला पुन्हा पाठवाव्या लागल्या. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिची प्रतिकृती करणाऱ्याला कागद आहे आणि मूळ जहाजही आहे. अजिंठ्याच्या जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याला दोन्ही नाही.

त्याला उरतो तो शेवटचा साक्षीदार, प्रत्यक्ष प्रवास. २९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. ऋतूची निवड यदृच्छेने झालेली नव्हती. चौकोनी शिडाचे जहाज वाऱ्याला तिरके छेदत फार वर चढू शकत नाही. त्याला वारा पाठीशी किंवा बाजूला लागतो. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येचे तुलनेने सौम्य वारे वाहतात. रोमन लेखक प्लिनीनेही भारतातून परतणारी जहाजे डिसेंबरच्या सुमारास निघत असे लिहून ठेवले आहे. दीड-दोन हजार वर्षांत जहाजे बदलली, वाऱ्याचे वेळापत्रक तेच राहिले. सतरा दिवसांत जहाज पोहोचले यावरून ‘पाचव्या शतकातले जहाज हुबेहूब असेच होते’ असे सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते की असे जहाज असू शकते: ही शिवण, ही चौकोनी शिडे, ही सुकाणू-वल्ही यांच्या बळावर माणसे अरबी समुद्र ओलांडू शकतात. पुनर्रचनेच्या शास्त्रात ‘शक्य होते’ आणि ‘तसेच होते’ ही दोन निराळी विधाने आहेत. पहिल्यालाही पुरेशी किंमत मोजावी लागते. इथे ती खलाशांनी मोजली.

अशा प्रवासानंतर चित्राकडे पुन्हा पाहिले की त्यातल्या दुर्लक्षित वस्तूही बोलू लागतात. रांजणांची ती रांग घ्यावी. अभ्यासकांनी तिला कधी माल मानले, कधी पाणी. हिशेब सोपा आहे. पंधरा माणसे, दिवसाला प्रत्येकी तीन लिटर, सतरा दिवस: एकूण ७६५ लिटर. रांजण दहा धरले तर प्रत्येकी सुमारे ७६ लिटरचा, म्हणजे उंचीने माणसाच्या मांडीच्या वर जाणारा. इतके पाणी वर ठेवले तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर चढतो आणि डुलणे वाढते. खाली ठेवले तर ते वजनाचेही काम करते. चित्रकाराने ते वर, सर्वांना दिसेल असे मांडले आहेत. तो दाखवत होता की नोंदवत होता, हे आता दोन मीटरच्या प्रतिकृतीत पाण्याचे दहा छोटे रांजण आधी वर आणि मग खाली ठेवून कोणत्याही महाविद्यालयाच्या हौदात तपासता येईल.